वेडिंग फोटोग्राफीत नवीन आहात? कपलसोबत काम कसं करायचं, पहिल्या फोनपासून अल्बमपर्यंत

लग्नाचे फोटो काढायला नुकतीच सुरुवात केलेले लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो लेन्सचा. कुठली घेऊ, ८५ एमएमची की ३५ ची, झूम की प्राइम (म्हणजे झूम न होणारी). खाली सगळं सांगते, पण नवीन माणसाचे फोटो लेन्समुळे फसतात असं फार क्वचित होतं. नवरा-नवरी कॅमेऱ्यासमोर अवघडलेले असतात, फोटोग्राफर त्यांच्याहून जास्त अवघडलेला असतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात काय होणारे ते तिघांपैकी कोणालाच माहीत नसतं, म्हणून फसतात. दोघं मोकळी असली की कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सवरसुद्धा फोटो उठून येतो, आणि आखडून उभी असली की महागडी लेन्स ते आखडणंच जास्त शार्प दाखवते.

तर हा लेख मुख्यतः त्या दोघांना मोकळं कसं करायचं याबद्दल आहे, आणि ते काम पहिल्या फोनलाच सुरू होतं, म्हणून तिथूनच घेऊया.

१. पहिला फोन: पॅकेज नंतर सांगा, आधी ऐका

फोन आला की नवीन लोक लगेच पॅकेज वाचून दाखवायला लागतात, इतके तास, इतके फोटो, अल्बम अमुक साइजचा. थांबा जरा, आधी त्यांना बोलू द्या. दिवस कसा असणारे, किती माणसं, कोणकोण जवळचं. आणि माझा आवडता प्रश्न म्हणजे, "तुम्ही बघितलेल्या लग्नाच्या फोटोंमध्ये तुम्हाला काय अजिबात आवडलं नाही?" काय आवडतं असं विचारलं तर सगळे "कँडिड" म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. काय आवडत नाही विचारलं की मात्र भडाभडा बोलतात, सारखं पोझ द्यायला लावतात, फोटोग्राफर ओरडतो, पाहुण्यांना दिसेल असं मध्येच येऊन उभा राहतो, फोटो इतके पिवळे करतात की माणूस ओळखू येत नाही. झालं, काय करायचं नाही त्याची यादी तुमच्या हातात आली.

दुसरा प्रश्न, फोटो काढून घ्यायला आवडतं का? यावर दोघांपैकी एकजण तरी म्हणणारच, "माझे फोटो चांगले येतच नाहीत." हे हसण्यावारी नेऊ नका, त्याला कारण आहे. माणूस स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं, आणि फोटोत तोच चेहरा सुलटा दिसला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. १९७७ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग करून लिहिलं होतं, लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त पसंत पडला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सुलटा. मी हे कपलला फोनवरच सांगते. तुम्हाला जो चेहरा खटकतोय तोच तुमच्या जोडीदाराला ओळखीचा आणि आवडीचा आहे, म्हणून फोटो बघताना आधी त्याला किंवा तिला विचारा. निम्मी भीती तिथेच जाते.

इथले खाचखळगे:

- फोनवर एकच जण बोलत असेल तर दुसऱ्याशी पण एकदा बोलायचंय असं स्पष्ट सांगा. नाहीतर लग्नाच्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा भेटणारा माणूस दिवसभर तुमच्याकडे परक्यासारखा बघत राहतो आणि ते प्रत्येक फोटोत दिसतं.
- पैसे आईवडील देणार आणि निर्णय कपल घेणार, असं खूप ठिकाणी असतं. आईवडलांना सगळ्या नातेवाइकांचे सरळ उभे फोटो हवेत, कपलला ते नकोत. हा वाद कधीतरी होणारच, तो लग्नाच्या दिवशी तुमच्यासमोर होण्यापेक्षा आत्ता होऊ दे. दोन्हीसाठी वेळ ठेवू म्हणा आणि खरंच ठेवा.
- नुसते निवडक भारी फोटो दाखवू नका, एक अख्खं लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा, त्यात अंधारातला हॉल पण आला पाहिजे. तुमच्याकडे अजून अख्खं लग्न नसेल तर कुणाकडे तरी सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून जा आणि ते फोटो दाखवायची परवानगी आधी घ्या.
- तुमची स्टाइल त्यांना हवी तशी नसेल तर नाही म्हणा. अंगावर काटा येईल असे डार्क, ड्रामाटिक फोटो हवे असणाऱ्याला तुम्ही हलके, उजेडातले फोटो दिलेत तर ते कितीही चांगले असले तरी तो नाराजच राहणार.

२. ठरलेलं सगळं कागदावर आणा

ओळखीतलं लग्न असलं तरी. ओळखीतलं असेल तर जास्तच. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे वकिली भाषाच हवी असं काही नाही, साध्या भाषेत लिहा पण हे मुद्दे त्यात पाहिजेतच:

- तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्याच्यापुढे थांबलं तर तासाला किती
- किती फोटोग्राफर येणार, त्यात तुम्ही स्वतः आहात का
- अ‍ॅडव्हान्स किती, बाकीचे कधी, लग्न रद्द झालं किंवा पुढे ढकललं तर काय
- तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार
- अंदाजे किती फोटो, कशा स्वरूपात, किती आठवड्यांत
- एडिटिंगमध्ये काय येतं आणि काय येत नाही, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स) देणार की नाही
- फोटो तुम्ही स्वतःच्या जाहिरातीला, सोशल मीडियावर वापरणार का, आणि कपलला नको असेल तर काय
- फोटो तुमच्याकडे किती काळ सांभाळून ठेवले जातील
- कामाच्या मध्ये तुम्हाला बसून खायला वेळ आणि जागा

कॉपीराइटचं प्रत्येक देशात वेगळं आहे. काही ठिकाणी तो आपोआप फोटोग्राफरचा असतो, काही ठिकाणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक फोटो काढून घेणारा असतो. म्हणून "ते तसंच असतं" असं गृहीत धरू नका, कोणाचा आणि कोणाला काय वापरता येईल ते लिहून टाका. आणि लहान मुलांचे फोटो पोस्ट करायच्या आधी त्यांच्या आईवडलांना विचारा, कपलनं हो म्हटलं म्हणून त्यांच्या भाचरांचं पण हो झालं असं नाही.

३. लग्नाआधी एक छोटं शूट करा

प्री-वेडिंग शूटकडे बरेच जण जास्तीचे पैसे म्हणून बघतात. मी त्याला रंगीत तालीम समजते, कपलची पण आणि माझी पण. लांबची जागा, कपडे बदलणं, धूर, फुगे, काही नको. तासभर पुरतो, जवळची त्यांच्या सवयीची जागा घ्या.

त्या तासात तुम्हाला कळतं ते असं. कोण जास्त डोळे मिटतं. कोण कॅमेरा वर गेला की श्वास धरतं. दोघांत पुढाकार कोणाचा. उंचीत फरक किती, म्हणजे पायरी किंवा उतार वापरायचा का. चष्मा असेल तर काचेत उजेड चमकतो का, चमकत असेल तर चष्म्याच्या दांड्या कानावर अगदी किंचित वर उचलायच्या किंवा हनुवटी जरा खाली घ्यायची, काच खाली झुकते आणि चमक जाते. आणि कोणाला कुठली बाजू दाखवायची नाहीये. हे लोक तोंडाने सांगत नाहीत पण सारखे त्याच बाजूला वळतात, तेवढं बघितलं की कळतं.

अशाच एका शूटला मुलगा दोन्ही मुठी आवळून उभा होता, अंगठे आत. रिलॅक्स म्हटलं की मुठी अजून घट्ट. मग मी मुलीला तिच्या मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं आणि त्याला म्हटलं, आता हे तू तिला बांध. बक्कल बारीक, त्याची बोटं जाडजूड, एकदा सुटलं, परत सुटलं, ती म्हणाली "अरे उलटं घालतोयस", तो खाली बघूनच हसला, तिने हसत हसत कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं आणि मी गपचूप एक पाऊल मागे सरकून फोटो घेत राहिले. मुठी कधी सुटल्या ते त्यालाही कळलं नाही. हातांना काम दिलं की बाकीचा माणूस आपोआप सुटतो, यावर खाली आठव्या मुद्द्यात अजून आहे.

शूट झाल्यावर थोडे फोटो लवकर पाठवा. आपण बरे दिसतो हे कपलनं लग्नाच्या आधी एकदा बघितलेलं असलं की त्या दिवशी तुमचं काम खूप सोपं होतं.

४. टाइमलाइन उलटीकडून लिहा

जे हलवता येत नाही ते आधी कागदावर टाका, विधीची वेळ आणि सूर्यास्त. मग मागे मागे या. सूर्यास्ताची वेळ त्या तारखेची, त्या गावाची बघा, अंदाजाने नको. सूर्य क्षितिजाच्या वर साधारण ६ अंशांच्या आत असतो तेव्हाचा उजेड सगळ्यात मऊ आणि सोनेरी. विषुववृत्ताजवळ तो जेमतेम २५ मिनिटं टिकतो, उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात तासभरसुद्धा. डोंगर किंवा उंच इमारत मध्ये असेल तर त्याच्या आधीच संपतो.

कपलच्या फोटोंसाठी सलग एक तास मागू नका, कोणी देत नाही आणि दिला तरी शेवटची तीस मिनिटं दोघं थकलेली असतात, आत पाहुणे वाट बघत असतात, लक्ष तिकडे. त्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांचे दोन तुकडे घ्या, एक दिवसा आणि एक सूर्यास्ताला. आणि प्रत्येक गोष्टीला थोडी मोकळी जागा सोडा, तयार व्हायला कायम उशीरच होतो, कधी लवकर झालंय असं ऐकलेलं नाही.

फॅमिली फोटोंची यादी कपलकडून लेखी घ्या, नावांसकट. एका ग्रुपला साधारण तीन मिनिटं धरा. म्हणजे वीस ग्रुप झाले की तास गेला, हे गणित त्यांच्यासमोर मांडलं की यादी आपोआप छोटी होते. त्याच वेळी हळूच एक प्रश्न विचारा: कोणाला कोणाशेजारी उभं करायचं नाहीये का? घटस्फोटित आईवडील, न बोलणारे भाऊ, नुकतंच गेलेलं कोणी. हे आधी माहीत नसेल तर तुम्ही भर गर्दीत मोठ्याने "आणि बाबा कुठेत?" असं विचारून बसाल.

दोन्ही घरांतून एकेक माणूस मागून घ्या, ज्याला सगळे चेहरे माहीत आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. हा माणूस म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा आधार. तो "मावशी, या इकडे, काका नंतर" असं ओरडत असतो आणि तुम्ही शांतपणे फोटो काढत असता. कपललाच हाका मारायला लावू नका, दोघांचे चेहरे तिथेच चिडचिडे होतात.

५. जागा आधी बघून या

शक्यतो त्याच वेळेला जा, सकाळच्या लग्नाची जागा संध्याकाळी बघून काही उपयोग नाही. खिडक्या कुठे, ऊन कुठून येतं, पाऊस आला तर आत कुठे, उघड्यावर सावली कुठे. विधी करणाऱ्यांना किंवा जागेच्या लोकांना विचारा की फ्लॅश चालतो का, कुठपर्यंत जाता येतं. हे लग्नाच्या दिवशी कळलं तर उशीर झालेला असतो. ड्रोन उडवायचा असेल तर तिथला कायदा आणि जागेची परवानगी दोन्ही बघा.

दिव्यांची टेस्ट मात्र नक्की करा. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्यांना दिसत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात, खास करून सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरवर. मग शटर स्पीड ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० ला १/६० किंवा १/१२५ ठेवून बघा आणि मेकॅनिकल शटर वापरा. स्टेजवरचे रंगीत, मंद करता येणारे एलईडी मात्र स्वतःच्याच लयीत लुकलुकतात, तिथे हे गणित चालेलच असं नाही, चार-पाच शटर स्पीड टाकून स्क्रीनवर झूम करून बघायचं.

६. बॅगेत काय काय

- दोन कॅमेरे, दोन्हींची घड्याळं मिनिट-सेकंदाला जुळवलेली, नाहीतर एडिटिंगला फोटोंचा क्रम लावताना डोकं फिरतं. सेकंड शूटरचं पण जुळवा
- शक्यतो दोन कार्ड बसतात असा कॅमेरा, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहायला लावलेला
- दोन लेन्स पुरतात, ३५ आणि ८५ एमएम, किंवा २४-७० आणि ७०-२०० एफ २.८ (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं तो आकडा). चेहऱ्याच्या अगदी जवळ ३५ नेऊ नका, नाक मोठं दिसतं. ८५ ने दोन-तीन पावलं लांबून काढा, माणूस पण मोकळा राहतो
- दोन फ्लॅश, ट्रिगर, पिवळ्या दिव्यांत फ्लॅशवर लावायला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी)
- जास्तीच्या बॅटऱ्या, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड
- रिकामी, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेली कार्डं
- टाइमलाइन आणि फॅमिली लिस्ट छापलेल्या कागदावर, कारण फोनची बॅटरी संपते
- सेफ्टी पिना, सुईदोरा, टिश्यू, पाणी, डोकेदुखी झाली तर स्वतःसाठी गोळी
- मऊ तळाचे, आवाज न करणारे बूट

बाकी भाड्याने मिळतं, लगेच विकत घेत बसू नका.

७. तयार होतानाची खोली

इथे दिवसाचा सूर ठरतो. आत गेल्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बोला, नावं विचारा, आई कुठली, बहीण कुठली. मग खिडकीजवळची एक बाजू मोकळी करायला सांगा, पिशव्या, चार्जर, रिकामे कप सगळं दुसऱ्या कोपऱ्यात. वरचा दिवा बंद करा, खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा दिसतो, ते नंतर एडिटिंगमध्ये नीट होत नाही. मेकअप करणाऱ्यांना पण खिडकीसमोर बसायला आवडतंच, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

कोणी कपडे बदलत असेल तर बाहेर या, न विचारता. असं बाहेर थांबलेलं लोकांच्या लक्षात राहतं आणि दिवसभर ते तुमच्याबद्दल निश्चिंत राहतात.

८. पोझ सांगू नका, काहीतरी करायला सांगा

"हसा", "नॅचरल राहा", "एकमेकांकडे प्रेमाने बघा" ही तीन वाक्यं टाळा, ती ऐकली की माणूस ताबडतोब कृत्रिम होतो. १८६२ मध्ये फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी लिहून ठेवलंय की मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो आणि तो सहसा ठरवून आकसवता येत नाही. म्हणून "हसा" सांगून मिळवलेल्या हसण्यात ओठ हसतात आणि डोळे तसेच राहतात. हसू मागायचं नसतं, ते येईल असं काहीतरी घडवून आणायचं.

मी वापरते त्या गोष्टी:

- चालत जा, पण एकानं जरा जास्त घाईत आणि दुसऱ्यानं त्याला मागे ओढायचं. शटर निदान १/२५० ठेवा
- कानात सांग, आज सकाळी तुझ्या घरी सगळ्यात आधी कोण चिडलं
- डोळे मिटा, कपाळाला कपाळ लावा, मी सांगेपर्यंत उघडू नका. मग मी काहीच बोलत नाही. दहा सेकंदांत दोघांपैकी एकाला हसू फुटतंच
- त्याची कॉलर नीट कर, तिच्या कानातलं अडकलंय ते सोडव
- पाठमोरे उभे राहा आणि एकमेकांचा हात न बघता शोधा

सगळ्यांना सगळं जमत नाही. बोलक्या जोडीला कानात सांगायचे खेळ द्या, लाजऱ्या जोडीला नुसतं चालायला लावा आणि लांबून ८५ किंवा १३५ ने घ्या. चारचौघांत जवळ यायला आवडत नसेल तर ओढाताण करू नका, शेजारी बसून एकाच दिशेने बघणारी दोन माणसंसुद्धा जवळची दिसतात.

तरी थोडं शरीराचं ज्ञान लागतंच. वजन एका पायावर, शक्यतो मागच्या. दंड अंगाला चिकटू देऊ नका, थोडी फट ठेवा. हनुवटी आधी किंचित पुढे आणि मग खाली, स्वतःला विचित्र वाटतं पण जबड्याची रेष स्वच्छ येते. खांदे खाली पाडायला "श्वास सोडा" म्हणा, "खांदे खाली" म्हणू नका. हाताला कायम काहीतरी धरायला द्या, कोटाची कड, दुसऱ्याचा हात, काहीही. हे सगळं स्वतः करून दाखवा, तोंडी सूचना दिल्या की माणूस डावं-उजवं करत बसतो. अंगाला हात लावून सरळ करायचं असेल तर आधी विचारा, प्रत्येक वेळी.

आणि बोलत राहा. कॅमेऱ्यामागे तुम्ही गप्प झालात, कपाळाला आठ्या घालून स्क्रीन बघायला लागलात की समोरच्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, तुम्ही बघत असता एक्स्पोजर. म्हणून सेटिंग बदलताना सुद्धा तोंडाने "एक मिनिट, उजेड बदललाय, तुम्ही मस्त आहात" चालू ठेवायचं. कौतुक नेमकं करा, नुसतं "भारी, भारी" ऐकून कंटाळा येतो. "तू आत्ता त्याच्याकडे जसं बघितलंस ना, तसंच थांब" याने काम होतं. प्रत्येक फोटो लगेच दाखवू नका, लोक केस आणि पोट बघत बसतात. दहा मिनिटांनी एकच दाखवा, सगळ्यात चांगला.

९. विधी आणि ग्रुप फोटो

विधी चालू असताना सूचना अजिबात नाही. परत करा, इकडे बघा, थांबा, काही नाही. क्षण गेला तर गेला. एक कॅमेरा विधीवर असताना दुसरा पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यांवर असू द्या, कपलला नंतर तेच फोटो नवे असतात कारण त्या वेळी त्यांची पाठ तिकडे होती. व्हिडिओवाल्यांशी सकाळीच उभं राहायच्या जागा वाटून घ्या.

ग्रुपला मोठ्या ग्रुपपासून सुरुवात करा आणि माणसं कमी करत या, म्हातारे आणि लहान मुलं आधी मोकळी करा. दोन-तीन रांगा असतील तर एफ ५.६ ते ८, आणि २४ एमएमने कडेची माणसं फुगतात म्हणून मागे सरका आणि ३५ ते ५० वर घ्या. जागा नसेल तर खुर्चीवर चढा.

डोळे मिटण्याचं काय? ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं चक्क गणित मांडलं आणि त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा आणि कमी उजेडात दोनने, तितके फोटो काढले की एखादा तरी सगळे डोळे उघडे असलेला मिळतो. बारा माणसं, बाहेर ऊन, चार फोटो. हॉलमध्ये सहा. गंमत वाटते पण मी हे खरंच वापरते, "झालं, झालं" म्हणून पळणाऱ्या काकांना अजून दोनच म्हणून थांबवायला बरं पडतं.

फोन घेऊन मध्ये घुसणारे पाहुणे असणारच. त्यांच्याशी भांडू नका. "आधी माझे दोन होऊ द्या, मग सगळ्यांना देते वेळ" म्हणा आणि खरंच द्या, नाहीतर ग्रुपमधले निम्मे लोक तुमच्याकडे आणि निम्मे त्या फोनकडे बघतात.

१०. वेळापत्रक कोसळलं तर

कोसळतंच. अशा वेळी कपलला "उशीर झालाय" असं सांगू नका, ते त्यांना माहीत असतं. त्यांच्या घरातल्या त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला बाजूला घेऊन काय कापायचं ते ठरवा, आणि कपलला फक्त पुढची एक गोष्ट सांगा. सजावटीचे, वस्तूंचे फोटो आधी कापा, आजी-आजोबांचे फोटो कधीही कापू नका. पाऊस आला तर कपलला दाराच्या आत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभं करा, ढगाळ उजेड चेहऱ्यावर फार छान पडतो. नवरी रडत असेल तर एखादा फोटो लांबून, मग कॅमेरा खाली आणि टिश्यू पुढे.

११. बॅकअप, निवड, डिलिव्हरी

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी कॉपी झाल्याशिवाय झोपायचं नाही. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकांपर्यंत पोचवलेला ३-२-१ नियम धरा: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाउड हळू असेल तर एक हार्ड डिस्क मित्राच्या घरी ठेवा. कार्डं या तिन्ही कॉपी उघडून बघेपर्यंत फॉरमॅट करायची नाहीत.

एक-दोन दिवसांत थोडे तयार फोटो पाठवा, मग कपल बाकीच्यांसाठी शांतपणे थांबतं. उशीर होणार असेल तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच कळवा.

निवड करताना फोटोग्राफर म्हणून बघितलं की आपण थोडा हललेला फोटो काढून टाकतो, आणि नेमका त्यातच आत्याचं खदखदून हसणं असतं. म्हणून मी दोनदा बघते, एकदा फोकस आणि उजेडासाठी, आणि दुसऱ्यांदा यादीतली नावं समोर ठेवून, प्रत्येक जवळच्या माणसाचा निदान एक बरा फोटो आहे का ते बघायला.

एडिटिंगमध्ये पुरळ काढा, ते आठवड्याने जाणारच असतं. तीळ, व्रण, सुरकुत्या, रंग, पोट यांना न विचारता हात लावू नका. त्वचा उजळ करून पाठवलेले फोटो बघून मुलगी काही बोलली नाही तरी तिला ते कळतं.

फोटो गॅलरीची लिंक देऊन द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान होतात आणि मग प्रिंट खराब आली म्हणून फोन तुम्हालाच येतो. लिंक कधी बंद होणार ती तारीख लिहा आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा असं आठवणीने सांगा.

अल्बमची निवड मात्र कपलवर पूर्ण सोडली की ती वर्षभर होत नाही, सगळेच फोटो आवडतात ना. पहिला ले-आउट तुम्हीच करून पाठवा, दिवस जसा गेला त्या क्रमाने, एका पानावर फार गर्दी न करता, आणि बदल सांगायला दोन फेऱ्या आणि एक तारीख कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून ठेवा. तिसरी फेरी मागितली तर द्या, पण तिचे पैसे आधी सांगून.